ई-सायकल घेताना मी अडलो ते वजनापाशी

पुण्यात एरंडवण्यातील आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली आहे. खालच्या बोळात लावलेल्या दोन सायकली गेल्या काही वर्षांत चोरीला गेल्या असल्यामुळे, नवी ई-सायकल घेतली तर ती रोज संध्याकाळी ५४ पायऱ्या चढवून घरात आणावी लागणार, हे खरेदीचा विचार करण्याआधीच ठरलेले होते. कचेरी औंधला, म्हणजे साडेसात किलोमीटरवर. वाटेत सेनापती बापट रस्त्याची चढण. माझे वय ५२ आणि गुडघे वयापेक्षा थोडे पुढे गेलेले. त्यामुळे दुकानदाराला विचारण्यासारखा माझा खरा प्रश्न एकच होता: सायकलचे वजन किती? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात पाच आठवडे गेले आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकल्या. पेडल मारल्यावर साहाय्य करणारी, २५० वॉटच्या आतली मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला मोटरचे साहाय्य बंद होणारी सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. त्यामुळे नोंदणी, नंबरप्लेट, परवाना यांचा प्रश्नच आला नाही. एका दुकानात ‘सर, वेगाचे लॉक काढून देतो, चाळीसने पळेल’ असा आग्रह झाला. तसे केले की ती कायद्याने सायकल राहत नाही आणि अपघात झाल्यास आपणच अडकतो, हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटल्याचे दिसले नाही.

आता वजनाकडे येतो. ज्या सायकलवर माझे मन बसले होते, तिच्या माहितीपत्रकावर ‘अत्यंत हलकी’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. मोटर, बॅटरी, ब्रेक, टायर, रंगांची नावे, सारे त्यात होते. वजन तेवढे नव्हते. दुकानातल्या मुलाला विचारले, तर त्याने सायकलचे पुढचे चाक दोन बोटांनी उचलून दाखवले आणि ‘बघा सर, काहीच नाही’ असे म्हणाला. पुढचे चाक कोणत्याही सायकलचे उचलते. मोटर बहुधा मागच्या चाकात असते, वजन तिथे असते, आणि जिना चढताना खांद्याला तेच ओढते. मी मागचे चाक उचलायला सांगितले, तेव्हा त्याने विषय रंगांकडे वळवला.

मग मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. माझ्या प्रश्नाला तक्रार क्रमांक देण्यात आला. वास्तविक माझी तक्रार नव्हती, चौकशी होती; पण त्यांच्या फॉर्ममध्ये चौकशीसाठी रकाना नव्हता. अकरा दिवसांनी ईमेल आले की ‘वजन मॉडेलनुसार बदलते’, आणि त्याच दिवशी दुपारी दुसरे आले की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी मॉडेलचे नाव, फ्रेमचा आकार आणि रंगसुद्धा लिहून (रंगाने वजन बदलत असेल तर तोही अडसर नको म्हणून) पुन्हा विचारले. नऊ दिवसांनी उत्तर आले की कृपया जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा. जवळचा विक्रेता म्हणजे तोच, दोन बोटांवाला. तिसऱ्या खेपेला, बहुधा मला कंटाळून, कोणीतरी १७.९ किलो असा आकडा पाठवला. मला इतका आनंद झाला की आगाऊ रक्कम भरायला मी जवळजवळ निघालोच होतो. चष्मा पुसून पुन्हा वाचले, तेव्हा आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘बॅटरी व जोडसाहित्य वगळून’ असे होते.

घरातला न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा पिशवीत घालून मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. हे आधीच करायला हवे होते, आणि कोणाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हाच देईन. काटा फरशीवर ठेवला. आधी मी एकटा उभा राहिलो, ६८.४ भरलो. मग सायकल दोन्ही हातांनी उचलून पुन्हा उभा राहिलो. पण सायकल छातीशी धरल्यावर पायाखालचा आकडाच दिसेना. शेवटी तो मुलगा गुडघ्यांवर बसला, मान तिरकी करून पेडलच्या खालून डोकावला आणि म्हणाला, ‘एक्क्याण्णव पॉइंट दोन.’ वजाबाकी करण्याआधी त्याने काट्यावर स्वतः उभे राहून काटा बरोबर असल्याची खात्री करून घेतली. सायकल २२.८ किलोची होती. बॅटरी, स्टँड, मडगार्ड, कॅरिअर आणि पेडल धरून ‘जोडसाहित्य’ जवळजवळ पाच किलोचे निघाले. पेडलला जोडसाहित्य म्हणणाऱ्या माणसाने ती सायकल कशी चालवायची ठरवली होती, हे मला अजून कळलेले नाही.

त्या दुकानात पुढे आणखी दोन सायकली तोलल्या. तोपर्यंत मुलाला त्यात रस वाटू लागला होता आणि तो आकडे बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेत होता. मी अखेर जी घेतली ती दुसऱ्या दुकानातली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, एकाच गिअरची, कॅरिअर नसलेली आणि काट्यावर १७.६ किलो भरलेली. तिची २.१ किलोची बॅटरी किल्लीने बाहेर निघते आणि पाठीवरच्या पिशवीत जाते, म्हणजे खांद्यावर उरतात साडेपंधरा किलो. काही सायकली याहून हलक्या असतात, पण त्यांतल्या कित्येकांची बॅटरी फ्रेममध्ये कायमची बसवलेली असते. लिफ्ट नसलेल्या घरात हे लक्षात ठेवावे लागते, कारण मग सायकल खाली ठेवता येत असली, तरी चार्जिंगसाठी संपूर्ण सायकलच वर न्यावी लागते.

बॅटरी जितकी मोठी तितके वजन वाढते, म्हणून आपल्याला लागते तेवढीच घ्यावी. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तिची क्षमता कळते: माझी ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २८० वॉट-तास. पेडल मारत राहिल्यास मला किलोमीटरमागे साधारण दहा वॉट-तास लागतात. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरना निम्म्याहून किंचित जास्त बॅटरी खर्च होते, आणि पूर्ण चार्जिंगला पाव युनिटापेक्षा थोडीच अधिक वीज जाते. साठ-सत्तर किलोमीटरच्या आश्वासनापायी जास्तीचे दोन किलो मी कशाला वाहायचे? मात्र आगीच्या धोक्यामुळे बॅटरी दारापाशी किंवा जिन्याच्या वाटेवर चार्ज करू नये आणि रात्री झोपेत तर मुळीच नाही. आमच्याकडे ती ओट्यापासून दूर, फरशीवर, आम्ही जागे असताना चार्ज होते.

चाचणीची फेरी सपाट गल्लीत घेऊ नका. मी सेनापती बापट रस्त्याची चढण आग्रहाने मागून घेतली, तेव्हा दोन गोष्टी उमजल्या. एक म्हणजे, स्वस्त सायकलींत पेडल फिरते आहे एवढेच ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर मोटर अर्ध्या फेरीनंतर जागी होते आणि तेवढ्यात मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो. पायाचा जोर ओळखणारा सेन्सर लगेच साथ देतो, पण तो महाग पडतो. मी पहिल्याच प्रकाराशी जुळवून घेतले. दुसरे, ब्रेकच्या लिव्हरला हात लागताच मोटर बंद झाली पाहिजे. एका सायकलची झाली नाही, ती मी तिथेच परत केली.

पैसे देण्यापूर्वी टायरचा आकार नेहमीच्या सायकल दुरुस्तीवाल्याला दाखवून त्याची ट्यूब त्याच्याकडे मिळते का, हेही विचारावे. मागच्या चाकाचे नट मोटरमुळे जाडजूड असतात. माझ्या सायकलला १८ नंबरचा पाना लागतो आणि तो पिशवीत नसल्याची जाणीव मला विद्यापीठ चौकात झाली. पंक्चर झाल्यावर चाक न काढता टायरची एकच बाजू सोडवून ट्यूब बाहेर ओढता येते, हे तिथल्या पंक्चरवाल्याने दाखवले. मोटरची वायर पाहून तो आधी हात लावायला तयार नव्हता. मग मी बॅटरी काढून त्याच्या हातात दिली, तेव्हा त्याने ती तळहातावर तोलून पाहिली आणि किती किलोची आहे असे विचारले. २.१, असे मी लगेच सांगितले.