बर्फावरच्या तंबूतला उजेड: दोन रात्रींत खरं ठरलं ते आणि फसलं ते

गोठलेल्या पाण्यावर, बर्फात भोक पाडून मासे धरायला केलेला मुक्काम दोन रात्रींचा, तंबू दोन माणसांचा घडीचा, पहाटेचं तापमान उणे 22. सोबत चार दिवे होते. चारहींच्या खोक्यांवर 'रात्रभर' असं लिहिलेलं होतं. पहिल्या रात्री पहाटेपर्यंत त्यातला एकच टिकला. दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ऊन होतं आणि मासे लागत होते. बर्फाची जाडी मोजणं, तंबूचे स्क्रू बर्फात पिळणं आणि कपड्यांचे थर ज्यांना नवीन नाहीत, त्यांच्यासाठी हा वृत्तांत आहे. त्यात फक्त उजेडाचाच विषय आहे, कारण अशा ठिकाणी रात्र पंधरा तासांची असते.

सगळ्यात आधी गेली ती बारा व्होल्टची एलईडी पट्टी, तीही अर्ध्या तासात. पाच मीटरचा अख्खा रोल छताला लावला होता. 5050 जातीच्या (5 मिलिमीटर चौरस दिव्यांच्या), मीटरला साठ दिवे असलेल्या पट्टीला मीटरमागे साधारण 14.4 वॉट लागतात. पाच मीटरचे झाले 72 वॉट, म्हणजे सहा अँपिअर. खाली सात अँपिअर-तासांची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी होती. बॅटरीवरचा सातचा आकडा वीस तासांत सावकाश उपसण्याचा असतो, म्हणजे सतत 0.35 अँपिअर. सहा अँपिअर ओढले तर ती उबदार खोलीतही तासभर पुरत नाही, आणि उणे वीसला तिची क्षमता निम्म्यावर येते. शिवाय रिकामी झालेली लेड ॲसिड बॅटरी गोठते आणि तिचं कवच तडकू शकतं. बर्फावर ही बॅटरी नेऊ नका. वजन जास्त आणि भरवसा कमी.

त्यानंतर अल्कलाइन सेलचा कंदील मंद होत होत विझला. अल्कलाइन सेलमधला द्रव पाण्याचा असतो, थंडीत त्यातली रासायनिक क्रिया रेंगाळते. सेल उबेत आणले की पुन्हा जरा उजेड देतात, त्यामुळे सेल खराब निघाले असा गैरसमज होतो. सेल चांगले होते, त्यांची जागा चुकली होती. त्याच मापाचे एकदाच वापरायचे लिथियम सेल उणे 40 पर्यंत चालतात आणि वजनाला एक तृतीयांशाने हलके असतात. पहाटेपर्यंत टिकलेला चौथा दिवा म्हणजे हे सेल घातलेला, डोक्याला बांधायचा साधा दिवा.

खरा मनस्ताप दिला तिसऱ्याने, पॉवर बँकवर चालणाऱ्या दिव्याने. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत तो नऊ वेळा विझला. दर वेळी अंधारात हातमोजा काढायचा, बटण शोधायचं, दाबायचं. उणे वीसमध्ये उघडी बोटं दोन मिनिटांत बधिर होतात आणि शेजारी पाण्याचं भोक उघडं असतं. कारण समजल्यावर तर जास्तच राग आला: बॅटरी वाचावी म्हणून उजेड कमी केला होता, आणि तो कमी केला म्हणूनच दिवा विझत होता. बहुतेक पॉवर बँका फोन भरण्यासाठी बनवलेल्या असतात. ओढला जाणारा प्रवाह साधारण 50 ते 100 मिलीअँपिअरच्या खाली गेला की फोन भरला असं समजून त्या थोड्या वेळात स्वतःहून बंद होतात. मंद केलेला दिवा नेमका तेवढाच प्रवाह ओढतो. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. कमी प्रवाहावर सतत चालू राहण्याची सोय असलेली पॉवर बँक मिळते, तीच घ्या. आधीच घेतलेली असेल तर दिवा मंद करून घरी दोन तास चालवून पाहा. दहा मिनिटांत विझला तर ती बँक फोनपुरती ठेवा.

दुसरी फसवणूक आकड्यांची. 20,000 मिलीअँपिअर-तास हा आकडा आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचा असतो. म्हणजे 74 वॉट-तास. पाच व्होल्ट करताना दहा ते पंधरा टक्के जातात, थंडीत आणखी सुमारे एक तृतीयांश जातात, हाती चाळीसच्या आसपास राहतात. शिवाय गार सेलचा अंतर्गत रोध वाढतो. दिव्यासोबत फोनही लावला की व्होल्टेज कोसळतं आणि निम्मी भरलेली बँक रिकामी असल्यासारखी बंद पडते. खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा 60 टक्के दाखवते. मिलीअँपिअर-तास सोडून द्या आणि नेहमी वॉट-तासांत मोजा.

दुसऱ्या रात्री दिव्याला सोनारची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे शोधून पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) बारा व्होल्ट, दहा अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जोडली, आणि रोल कापून एकच मीटर पट्टी ठेवली. पट्टी दर तीन दिव्यांनंतर आखलेल्या रेषेवरच कापायची. एक मीटर तिथे पुरेसा होतो, आणि मीटरला 4.8 वॉटची पट्टी मिळाली तर त्याहून चांगलं: पंधरा तासांचे 72 वॉट-तास होतात. ही बॅटरी कागदावर 128 वॉट-तासांची, थंडीत ऐंशीच्या आसपास धरा. म्हणजे रात्र निभते. 14.4 वॉटची पट्टी असेल तर तीस सेंटिमीटरच लावा. तंबूचं आतलं कापड काळं असेल तर ते उजेड गिळतं. पट्टी छताला लावण्यापेक्षा खांद्याच्या उंचीवर, खाली तोंड करून लावा, म्हणजे खालचं बर्फ उजेड परत फेकतं.

पण एकाच बॅटरीवर दिवा आणि सोनार लावले की पडद्यावर खोट्या रेषा येतात. स्वस्त डिमर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतो, तो गोंधळ तारेतून सोनारमध्ये शिरतो. मासा आला असं वाटून गळ हलवत बसण्यात तास गेला. दिव्याला वेगळी बॅटरी ठेवा, हा एकच खात्रीचा उपाय.

बॅटरी थेट बर्फावर ठेवू नका. फोमच्या तुकड्यावर, झाकणाच्या थर्मोकोल डब्यात ठेवा. हात गरम करायची हवेवर चालणारी पाकिटं आत टाकायची असतील तर डब्याला बोटभर भोक ठेवा. हवा मिळाली नाही की ती विझतात. बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज हवाच. कापडी तंबूत तार वितळणं परवडणारं नाही. तार सिलिकॉनच्या वेष्टनाची घ्या. साध्या पीव्हीसीची तार उणे वीसला काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की वेष्टन फुटतं.

पट्टीमागचा गोंद दवामुळे कापडावर तासभरही धरत नाही, आणि तंबूच्या दांड्या फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या असतात, त्यामुळे चुंबकही निरुपयोगी. वेल्क्रोचे पट्टे वापरा. ओल येते कुठून? हीटरमध्ये एक किलो प्रोपेन जळताना जवळपास 1.6 किलो पाणी तयार होतं, ते छताला धरतं आणि तारांच्या जोडांमध्ये टपकून गोठतं. जोडाआधी तारेची खाली लोंबती वळी ठेवा, म्हणजे थेंब वळीच्या तळाशी गळून पडतो.

गॅसचा कंदील नकोच. त्याची जाळी स्लेजच्या (बर्फावरून सामान ओढायच्या घसरगाडीच्या) धक्क्यांत फुटते, आणि बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइडचा धोका हीटरचाच पुरेसा आहे. हीटर असेल तर वरची खिडकी उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत हवा. अलार्मचे सेलही लिथियमचेच घाला.

रंगाबद्दल थोडक्यात: उबदार पांढरा, 2700 ते 3000 केल्विन. गळाला आमिष लावायला लाल पुरतो, आणि अंधाराला सरावलेले डोळे त्यात फारसे बिघडत नाहीत. पांढऱ्या उजेडाने एकदा दिपले की पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. भोकातून खाली पाहायचं असेल तर आतला उजेड पूर्ण बंद करा. तंबूच्या बाहेर चारही बाजूंना परावर्तक पट्टी लावा, काळोखात येणाऱ्या स्नोमोबाइलच्या (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीच्या) चालकाला गडद तंबू दिसत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या ठिकाणी रात्रभर बर्फावर ठेवलेल्या तंबूला ती सक्तीची आहे.

परतल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलेल्या लिथियम सेलमध्ये धातूचा थर साचतो, तो परत विरघळत नाही, क्षमता कायमची जाते. बाहेरून कोमट लागली तरी आतून ती तासनतास गार असते. रात्रभर खोलीत ठेवा, पुसून कोरडी करा, आणि सकाळी चार्जर लावा.