तुम्ही विचारलंत म्हणून: घणसोलीत राहून सायबरपंक कशाला?

"निऑनचे दिवे, मेंदूत खुपसलेल्या तारा, सगळा अमेरिका-जपानचा कारभार. घणसोलीत राहून हे कशाला वाचता?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं जातं. सायबरपंक म्हणजे संगणकांनी वेढलेल्या, बलाढ्य कंपन्यांच्या ताब्यात गेलेल्या भविष्याच्या विज्ञानकथा.

निऑनचं मलाही कौतुक नाही, आणि काळा गॉगल लावलेल्या हॅकर नायकांचा तर कंटाळाच येतो. मला ओढून घेतात त्या या जातीच्या लघुकादंबऱ्या. कारण त्यांत सत्ता म्हणजे कुणी खलनायक नसतो, सही केलेला करारनामा असतो.

मार्था वेल्स यांची २०१७ची 'ऑल सिस्टम्स रेड' घ्या. निवेदक आहे अर्धा यंत्र, अर्धा जिवंत असा सुरक्षारक्षक. कंपनीच्या मालकीचा, भाड्याने दिला जाणारा. ज्यांना भाड्याने दिला त्यांचं बोलणंही कंपनी टिपून ठेवते, त्यातला कामाचा मजकूर विकते. या गड्याने स्वतःला आवर घालणारी यंत्रणा गुपचूप मोडून ठेवली आहे. आता तो वाटेल ते करू शकतो. आणि करतो काय? ड्युटी चालू ठेवतो आणि मालिका बघतो! आमच्या गेटवरचे रात्रपाळीचे काका याहून वेगळं काय करतात? बारा तासांची पाळी, गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले, हातात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारं अॅप, आणि त्याच फोनवर दबक्या आवाजात मालिका. बंड नाही, पण तेवढा वेळ त्यांचा स्वतःचा.

जेम्स टिपट्री ज्युनियर (हे अॅलिस शेल्डन यांचं टोपणनाव) यांची 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' तर १९७३ची, म्हणजे 'सायबरपंक' हे नावही जन्मायच्या आधीची. जाहिरातींवर बंदी असलेल्या जगात कंपनी एक देखणा देह घडवते. तो मिरवतो, वस्तू वापरतो, लोक त्या घेतात. त्याला चालवणारी कुरूप मुलगी मात्र दूर एका यंत्रात बंद. रील बघताना ती मला हटकून आठवते. व्हर्नर विंजी यांच्या १९८१च्या 'ट्रू नेम्स'मध्ये हॅकरचं खरं नाव सरकारला कळतं आणि त्याला सरकारच्या तालावर नाचावं लागतं. आधार-ओटीपीच्या देशात याहून जास्त काय सांगू?

आता आपला, म्हणजे घणसोलीसकट नवी मुंबईचा, संबंध. जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान फाट्यावर, नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सायबरपंकची सर्वांत गाजलेली कादंबरी, विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर', त्याच वर्षीची. योगायोगच, पण मला तो सोडत नाही. जासईकरांना मोर्चा कुठे न्यायचा हे ठाऊक होतं. लढून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क मिळवला. त्याच गावांतला एखादा नातू आज अॅपवरून डिलिव्हरी करत असेल आणि कंपनीने त्याची आयडी ब्लॉक केली, तर त्याने मोर्चा कुठल्या फाट्यावर न्यायचा? महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरांसमोर? तिथला वॉचमनसुद्धा एजन्सीचाच.

या गोष्टी लघुकादंबरीतच शोभतात असं मला वाटतं. सहाशे पानं दिली की लेखकाला क्रांती घडवायचा मोह होतो. शंभर-दीडशे पानांत फार तर एक करार मोडतो, एकजण निसटतो.

सुरुवात वेल्स यांच्यापासून करा. टिपट्री नंतर.