फ्रीमाँट स्ट्रीटची झिपलाइन : कोल्हापुराहून लास वेगासला निघालेल्यांसाठी

लास वेगासचं नाव काढलं की आमच्या शाहूपुरीत पहिला प्रश्न ठरलेला, ‘तिथं जुगार सोडून आहे तरी काय?’ भिशीतल्या कितीतरी जणींची मुलं-सुना कॅलिफोर्नियात आहेत, सुट्टीत एकेक जण तिकडं निघालीय, आणि मी जाऊन आल्यापासून सगळ्या हेच विचारतायत. म्हणून एकदाच नीट लिहिते. पत्त्यांना आणि मशिनांना हात न लावता तिथं करण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे कॅसिनोंच्या मधून, गर्दीच्या डोक्यावरून जाणारी झिपलाइन, म्हणजे उंचावर ताणलेल्या तारेला पट्ट्यांनी लटकून घसरत जाणं. मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाई, दोघींनी केली. पन्नाशीच्या बाईनं करावी का? जरूर करावी.

आधी कुठली करायची ते ठरवा, कारण शहरात दोन ठिकाणी आहेत आणि दोन्हींची नावं ऐकून गोंधळ होतो. एक ‘स्ट्रिप’वर, म्हणजे मोठमोठ्या हॉटेलांच्या रस्त्यावर, लिंक हॉटेलशेजारी. ही नवी, २०१८ सालची. बारा मजली मनोऱ्यावरून सुटायचं, १,१२१ फूट जायचं, आणि शेजारी-शेजारी दहा तारा असल्यामुळं अख्खं कुटुंब एकदम सुटू शकतं. समोर ५५० फुटांचा हाय रोलर हा अवाढव्य पाळणा दिसतो. दुसरी जुन्या वेगासमध्ये, फ्रीमाँट स्ट्रीटवर. तिचं नाव स्लॉटझिला, सुरू झाली २०१४ मध्ये. माझं स्पष्ट मत, एकच करायची असेल तर फ्रीमाँटची करा. लिंकची छान आहे, पण ती मोकळ्या हवेतली सफर. फ्रीमाँटला तुम्ही एका जिवंत रस्त्याच्या आतून उडत जाता.

त्या रस्त्याची कल्पना यावी म्हणून सांगते. आपल्या महाद्वार रोडवर गाड्या कायमच्या बंद केल्या, वर नव्वद फूट उंच कमानीचं छत घातलं आणि ते सगळं छत म्हणजेच एक पडदा केला, तर जसं होईल तसं. १९९५ मध्ये हे छत उभं राहिलं. लांबी १,३७५ फूट. २०१९ मध्ये त्याचं नूतनीकरण झालं आणि आता त्यात सुमारे ४.९ कोटी एलईडी दिवे आहेत. अंधार पडला की दर तासाच्या ठोक्याला छतभर चित्रं आणि संगीत सुरू होतं. खाली बॅंड, नाचणारे, वाट काढणारी माणसं, दोन्ही बाजूंना कॅसिनो. नेवाडा राज्यात जुगार कायदेशीर झाला १९३१ मध्ये, पण या रस्त्याच्या टोकाचं गोल्डन गेट हॉटेल त्याच्याही आधीचं, १९०६ सालचं.

झिपलाइन सुटते ती छताच्या दुसऱ्या टोकाबाहेरच्या मनोऱ्यावरून. हा मनोरा म्हणजे बारा मजली स्लॉट मशिनच (जुगाराचं यंत्र), फासे, नाणी, पेले असं सगळं अंगावर चिकटवलेलं. त्यात दोन प्रकार आहेत. खालची तार ७७ फुटांवरून सुटते, बसून जायचं, ८५० फूट झाले की उतरायचं. वरची ११४ फुटांवरून, पोटावर पालथं पडून, १,७५० फूट, थेट गोल्डन गेटपर्यंत. जाऊबाई म्हणाल्या, ‘ताई, पालथं? एवढ्या उंचावरून?’ मी म्हटलं, आलोय तर वरचीच करू.

छाती, कंबर, मांड्या, सगळीकडं पट्टे आवळतात. पाय मागं उचलून अडकवतात, आणि मग तोंड खाली, हात मोकळे. चौघं एका वेळी. दार उघडतं तेव्हा पहिल्या क्षणी खाली फक्त रस्ता दिसतो आणि पोटात गोळा येतो, ते खरंच आहे. पण लगेच छताखाली शिरलं की भीती मागंच राहते. वर रंगांचा लोट, खाली हात हलवणारी अनोळखी माणसं, कानात वारं. वेग तासाला पन्नास-साठ किलोमीटर म्हणे, पण वेगापेक्षा मला आठवतंय ते हात पसरता आलेलं. कशाला धरायचंच नसतं! जाऊबाईंचं ओरडणं मला शेजारच्या तारेवरून ऐकू येत होतं, आणि ते आनंदाचं होतं. शेवटी ब्रेकचा दणका बसतो, मान थोडी ताठ ठेवा. खाली पुतण्या उभा होता. ‘काकी, नाद खुळा!’ एवढंच म्हणाला.

आता कामाच्या गोष्टी. साडी चालणार नाही, पट्टे मांड्यांतून जातात. पॅंट उत्तम. सलवार-कमीज घातलीत तर ओढणी खाली ठेवून जा. पायात कोल्हापुरी नको, मागं पट्टा नसलेलं काहीच नको, बूट घाला. मंगळसूत्र लांब असेल तर काढून द्या, चष्म्याला दोरी लावा. पर्स-मोबाइल सांभाळणारं माणूस सुटायच्या जागी न थांबवता गोल्डन गेटच्या टोकाला पाठवा, कारण तुम्ही निघणार तिकडंच. तिकीट ऑनलाइन वेळ ठरवून काढा. दर वेळेप्रमाणं बदलतात, आणि शनिवारी रात्री रांग फार. वजन करतात, वरची मर्यादा ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो. जबाबदारीच्या कागदावर सही घेतात, ती वाचून करा. वारं जोराचं असेल तर बंद ठेवतात, म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नका. मानेचं, पाठीचं दुखणं असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलं बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी लवकर जा. शुक्रवार ते रविवार रात्री तिथं २१ वर्षांखालच्यांना बंदी असते. रस्त्यावर उघडपणे दारू पितात, अगदी तोकड्या कपड्यांतले कलाकार फोटोसाठी पुढं येतात. फोटो काढलात तर पैसे मागणार, हे आधीच मुलांना सांगून ठेवा. तसं आम्हाला कुणी त्रास दिला नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा अंधार पडल्यावरच, पाण्याची बाटली घेऊन. लॉस एंजेलिसहून गाडीनं चार-पाच तास लागतात, पण शुक्रवारी संध्याकाळी निघू नका आणि रविवारी दुपारी परतू नका, रस्ता तुंबलेला असतो. हॉटेल घेताना खोलीच्या भाड्यावर वेगळी ‘रिसॉर्ट फी’ लागते का ते बघा, तिनं आकडा बराच वाढतो. स्ट्रिपवर राहिलात तर फ्रीमाँटला जायला ‘ड्यूस’ नावाची दुमजली बस आहे. ती रात्रभर चालते, आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सगळी रोषणाई बघत जाता येतं.