जुन्या ॲम्प्लिफायरला सीडी प्लेअर जोडताना: गुहागरहून नोंद

आमच्या काकांनी १९७८ साली मुंबईत घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याच्या जोडीचे दोन लाकडी स्पीकर, गिरगावातील बिऱ्हाड मोडल्यावर गुहागरच्या घरी आले आणि पुढे कित्येक वर्षे माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले राहिले. यंदा शिमगा आटोपल्यावर मी ते खाली उतरवले, पुण्यातील एका परिचितांकडून वापरलेला सीडी प्लेअर घेतला आणि हा सारा संच ओटीवर वाजता करण्याचे काम हाती घेतले. सीडी बाजारात आली ती १९८२ साली. म्हणजे हा ॲम्प्लिफायर ज्यांनी घडवला त्यांच्यासमोर सीडी प्लेअर नावाची वस्तूच नव्हती. माझ्या निम्म्या अडचणी या चार वर्षांच्या अंतरातून उद्भवल्या आणि उरलेल्या निम्म्या खाऱ्या वाऱ्यातून. ज्यांच्याकडे अशीच जुनी-नवी जोडी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद.

मार्चअखेर

इतकी वर्षे बंद असलेले यंत्र थेट २३० व्होल्टला लावू नये, म्हणून ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून ॲम्प्लिफायरला वीज दिली. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर आत शॉर्ट नाही असे समजावे. तो लख्ख पेटून राहिला तर बटण तत्काळ बंद करावे. आमचा बल्ब मंदावला खरा, पण अर्धवट लाल राहिला, तेव्हा झाकण उघडले. फिल्टरच्या दोन मोठ्या कपॅसिटरांपैकी (वीज साठवणाऱ्या डब्यांपैकी) एकाचे डोके फुगलेले होते. तेवढ्याच क्षमतेचे आणि थोड्या अधिक व्होल्टचे दोन नवे कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. ते बसवल्यानंतर स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलांवर मीटर लावून डीसी, म्हणजे एकाच दिशेचा विद्युतदाब, मोजला: डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे २६. पन्नासच्या आत असल्यास काळजी नसते.

मागच्या सॉकेटांची अवस्था मात्र वाईट होती. आमच्या मागीलदारची माडा-पोफळींची वाडी संपली की वाळूच लागते, आणि बारा महिने येणारा तो वारा पितळ, तांबे, निकेल असा भेदभाव करीत नाही. सॉकेटांच्या कडांवर हिरवट-काळा थर इतका घट्ट बसला होता की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काड्या नुसत्या काळ्या होत, थर निघत नसे. शेवटी शाळकरी मुलांचे पांढरे खोडरबर बारीक कापून, काडीच्या टोकाला चिकटवून, एकेका सॉकेटात फिरवले आणि मग पुन्हा अल्कोहोलने पुसले. पॉलिश पेपर वापरू नये. त्याने मुलामा जातो आणि पुढच्या पावसात गंज दुप्पट वेगाने धरतो. आठ सॉकेटांना दोन संध्याकाळी लागल्या.

एप्रिल

ॲम्प्लिफायरला फोनो, ट्यूनर (रेडिओ), ऑक्झ (इतर कोणत्याही यंत्रासाठी) आणि टेप अशा सॉकेटांच्या जोड्या आहेत. सुटीत आलेल्या भाच्याने मी स्वयंपाकघरात असताना उत्साहाने प्लेअर फोनोला जोडला आणि स्पीकरमधून बैल डुरकावा तसा आवाज निघाला. फोनोची जागा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असते. सुईकडून काही मिलिव्होल्ट एवढाच संदेश येतो, म्हणून तेथे तो सुमारे शंभर पटींनी वाढवला जातो. शिवाय रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज पुन्हा चढवला जातो आणि चढवलेले तीव्र स्वर उतरवले जातात. सीडी प्लेअर मात्र पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट देतो आणि त्याला कोणतीही दुरुस्ती नको असते. तेव्हा प्लेअरची जागा ऑक्झ, ट्यूनर किंवा टेप यांपैकी कोणतीही. पांढरा प्लग डावीकडे, लाल उजवीकडे. स्पीकर वाचले ते केवळ आवाजाचे बटण अगदी खाली होते म्हणून.

ऑक्झला जोडल्यावर ख्याल गायनाची एक सीडी लावली आणि आवाज स्वच्छ आला. मात्र आवाजाचे बटण घड्याळातील सातवरून आठवर नेले की ओटी भरून जाई आणि नऊच्या पुढे ते नेण्याची सोयच नव्हती. त्याहून खटकणारी गोष्ट अशी की रात्री हळू ऐकताना गवयाचा आवाज डाव्या स्पीकरकडे सरकलेला वाटे आणि बटण किंचित वर नेले की मध्यभागी परत येई.

कारण कागदावर मांडले तेव्हा सरळ निघाले. ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ऑक्झची संवेदनशीलता १५० मिलिव्होल्ट दिलेली आहे, म्हणजे तेवढ्यात तो पूर्ण शक्तीने वाजतो. प्लेअर देतो २ व्होल्ट, म्हणजे तेरा पटींहून अधिक; डेसिबेलच्या हिशेबात साडेबावीस. बटणाचा सगळा उपयोगी पल्ला त्यामुळे सुरुवातीच्या इंचभर फिरकीत कोंबला गेला होता. या बटणामागे डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन पट्टे एकाच दांड्यावर फिरतात, आणि ते एकमेकांशी सर्वांत कमी जुळतात ते नेमके याच तळाच्या भागात. बटण खराब नव्हते, ते चुकीच्या ठिकाणी वापरले जात होते. दुरुस्तीवाल्याने फोनवरच नवे बटण बसवण्याचा सल्ला दिला होता. तो मानला असता तर पैसे जाऊन दोष तसाच राहिला असता.

उपाय चार रेझिस्टरांचा. प्रत्येक बाजूला १० किलोओहमचा एक रेझिस्टर मालिकेत आणि त्याच्यापुढे २.२ किलोओहमचा एक, संदेशाची वायर व ग्राउंडची (जाळीची) वायर यांच्यामध्ये. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा ४७ किलोओहमचा भार धरला तर यातून सुमारे १५ डेसिबेल कमी होतात आणि २ व्होल्टचे ३५० मिलिव्होल्ट उरतात. प्लेअरवर बारा किलोओहमचा भार पडतो, तो त्याला सहज पेलतो. एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्यावेत, नाहीतर डाव्या-उजव्या बाजूंचा फरक आपणच नव्याने निर्माण करू. हे सर्व मी ॲम्प्लिफायरच्या पोटात न बसवता केबलच्या टोकाच्या प्लगमध्येच बसवले. चौथा रेझिस्टर झाळताना पहिल्याचे टाके वितळून सुटले आणि चिपळूणहून आणलेल्या प्लगांपैकी एकाचे प्लॅस्टिकही वितळले; हे काम करणाऱ्याने दोन प्लग जास्तीचे आणावेत. आता बटण दहा ते बारा या दरम्यान फिरते आणि गवई मध्यभागी बसतो.

मे

पाहुण्यांसाठी दूरदर्शन संचाचा आवाज याच ॲम्प्लिफायरला टेपच्या जागी जोडला आणि त्या क्षणापासून मागे एक सखल घूं सुरू झाली. आवाजाचे बटण शून्यावर असतानाही ती कमी होत नव्हती, त्यावरून दोष प्लेअरमध्ये नाही हे कळले. वायरमन आले, ऐकले आणि म्हणाले, "काका, ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, लगेच बंद होईल." बंद झाली असती हे खरे. परंतु तिसरी पिन ही धातूच्या पेटीची अर्थिंग आहे. आत वायर सुटून पेटीला लागली तर ती पिन नसताना पेटीलाच वीज येते, आणि ओल्या कोब्यावर अनवाणी वावरणाऱ्या घरात तो धोका मी पत्करणार नाही. मी नाही म्हणालो आणि त्यांना कोकम सरबत दिले.

मग एकेक वायर काढून पाहिली. सेट-टॉप बॉक्सला मागून येणारी केबलची फिरकीची पिन सैल करताच घूं थांबली. केबलच्या बाहेरील जाळीची अर्थिंग रस्त्यावर कुठेतरी एका ठिकाणी होती आणि ॲम्प्लिफायरची आमच्या परसातील खड्ड्यात. दोन अर्थिंगांच्या विद्युतदाबातील फरकामुळे संदेशाच्या वायरीतून प्रवाह वाहत होता आणि ५० हर्ट्झचा तो प्रवाह स्पीकर ऐकवत होता. प्लेअरचा प्लग दोन पिनांचा असल्यामुळे त्याच्याकडून असे वर्तुळ पूर्ण होत नाही, म्हणून एप्रिलमध्ये शांतता होती. केबलच्या वाटेवर एक लहानसा आयसोलेटर घातला. त्याच्या आतील कपॅसिटर चित्राच्या उच्च वारंवारिता जाऊ देतात आणि ५० हर्ट्झला अडवतात. त्याच निमित्ताने अर्थिंगचा खड्डा पाहिला. आमची जमीन कातळाची, आणि वैशाखात त्यातील कोळसा-मीठ ठणठणीत कोरडे झालेले होते. आता उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तेथे बादलीभर पाणी ओततो.

मेअखेर, स्पीकर

विहिरीच्या पंपासाठी आणलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन पदरी चपट्या केबलचा तुकडा उरला होता, तोच स्पीकरला वापरला: लाल पदर धनाला, निळा ऋणाला, पिवळा मोकळा. डावा स्पीकर ४ मीटरवर आणि उजवा दाराला वळसा घालून ७ मीटरवर आहे. दोन्हीकडे सारख्याच लांबीची वायर हवी असे पुष्कळ जण सांगतात. हिशेब केला तर ७ मीटरची जाऊन-येऊन १४ मीटर होते आणि तिचा रोध ओहमचा सुमारे दहावा भाग भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे डाव्या-उजव्यात पडणारा फरक कानाला कळण्याजोगा नाही. जास्तीची वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवण्याचे काहीच कारण नाही.

तरीही खर्ज पातळ येत होता आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा जागेवर ठरत नव्हता. पदर चार वेळा तपासले, बरोबर होते. तेव्हा ॲम्प्लिफायर बंद करून, वायरी सोडवून, दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलांना क्षणभर टेकवला. डाव्या वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कागदी कोन बाहेर आला, उजव्याचा आत गेला. काही वर्षांपूर्वी उजव्याची कुजलेली फोमची कड बदलून घेतली होती; कारागिराने आतील दोन वायरी उलट टाकल्या असणार. त्या सुलट केल्यावर झालेला फरक सौभाग्यवतींनीही स्वयंपाकघरातून ओळखला, आणि त्यांना या सगळ्या प्रकरणात रस नाही.

स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, एकमेकांपासून सात फुटांवर ठेवले. ऐकण्याची जागा म्हणजे झोपाळा, आणि त्यावर मला आधी शंका होती. परंतु झोपाळ्याची फळी स्पीकरांच्या रेषेला समांतर आहे आणि तो पुढे-मागे हलतो, डावीकडे-उजवीकडे नाही; मध्यभागी बसणाऱ्याचे दोन्ही स्पीकरांपासूनचे अंतर सारखेच राहते. गवई त्यामुळे जागचा हलत नाही, फक्त जवळ-लांब होतो. झोके घेत ऐकणे ही चैन आहे, अचूकता हवी असेल तर पाय टेकवून बसतो.

जुलै

पावसाने जोर धरल्यावर दोन आठवड्यांत प्लेअर सीडी ओळखेनासा झाला. झाकण काढून लेन्स पाहिली तर तिच्यावर श्वास सोडल्यासारखी झाक होती. अल्कोहोलचा एक थेंब काडीला लावून, दाब न देता, एकदाच पुसली आणि प्लेअर पूर्ववत झाला. आता तो बंद असताना सिलिका जेलच्या पिशव्यांसह झाकणाच्या डब्यात राहतो. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर परततो. दोन जुन्या सीडींच्या कडेलाही बुरशी धरली होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे सत्तर मिनिटांच्या सीडीत बुरशीने खाल्ली ती शेवटची भैरवी. पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून नव्हे. विजा चमकू लागल्या की सर्व प्लग आणि केबलची पिनही काढून ठेवतो.

ऑगस्ट

माजघरात एक लहान नवा ॲम्प्लिफायर आहे, त्याला प्लेअरच्या मागील ऑप्टिकल जागेतून ५ मीटरची केबल नेली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे घूं येण्याचा प्रश्नच नाही. आणि २ व्होल्टचाही नाही, कारण १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचे आकडे तसेच्या तसे पोचतात. अर्ध्या तासाचे काम होते आणि त्याबद्दल सांगण्याजोगे याहून काही नाही.

गणपतीसाठी ओटी मोकळी करावी लागेल, मखर उजव्या स्पीकरच्या जागीच येते. म्हणून काल स्पीकरांच्या चारही कोपऱ्यांभोवती कोब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने बारीक खुणा करून ठेवल्या आहेत.