कानात कापूस

दुपारी टरबुजाच्या साली घेऊन शेजारच्या कोठ्यात गेले, तर घोडीच्या दोन्ही कानांत कापूस. थंडीत आमच्याकडच्या म्हाताऱ्या कानात बोळे घालून बसतात, पण हा वैशाख. आर्वी रोडवरचं आमचं गाव, पारा ४५ वर, पत्र्याखाली कूलरची वाफ. मी वहिनीकडे पाहिलं.

"वराती निघून राह्यल्या ना बाई रोज," ती म्हणाली. "डीजे ऐकला का नाचाले पाह्यते थे. तीन पायावर!"

बिजली वरातीची घोडी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली. ताशा वाजला की दोन पायांवर उभी राहायची, नवरदेवाचा फेटा सांभाळताना करवल्यांची तारांबळ व्हायची. यंदा ऐन हंगामात मंदिरापुढच्या नव्या सिमेंट रस्त्यावर नाल घसरला आणि पुढच्या पायाची नस गेली. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस असं नसतंच. हाड आणि त्यामागून दोरीसारख्या उतरणाऱ्या नसा, रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या, बस. तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून भरून यायला महिने लागतात. डॉक्टर सांगून गेले, कोठ्यातच ठेवा, पळवू नका, नाचवू नका. मधे मधे चार पावलं हातानं चालवा म्हणाले, ते पण आम्ही सांगू तेव्हापासून.

आता आपण सगळे शाळेपासून काय शिकलो? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? गावातला जो येतो तो हेच ऐकवून जातो. बिजलीच्या मालकाला, म्हणजे भाऊंना, तर ते पटलेलंच आहे. डॉक्टरांसमोर मान हलवतात आणि पाठ फिरली की म्हणतात, "उभी ठेवली तं अडन ना घोडी."

आजाऱ्याला भेटायला जाणं मला कधीच जमलं नाही. खाटेजवळच्या स्टुलावर बसून "मग, काय म्हणतात डॉक्टर?" हे विचारून झालं की माझ्याजवळ काही उरत नाही. केळ्यांची पिशवी कुठे ठेवावी हाच प्रश्न. घोडीचं बरं आहे. साल पुढे करायची, ती कराकरा खाते, आपण उभं राहायचं. मात्र गावातल्या बाकीच्यांना बोलायला भरपूर असतं. एक आले, हळद-चुना गरम करून लावा म्हणाले. दुसरे म्हणाले, एरंडाची पानं बांधा. तिसऱ्यांचा हट्ट डाग देण्याचा, तापल्या सळईनं. एके काळी विलायती घोडदळातही पाय डागत असत. डागलेला घोडा मग कित्येक महिने ठाणावर उभा ठेवत, आणि बरा झाला की श्रेय सळईला. वहिनीनं कोणाचंच ऐकलं नाही. पहिले काही दिवस गोळेवाल्याकडून बर्फ आणला, पोत्यात गुंडाळून पायाला लावला, आणि सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजला.

चंदी, म्हणजे घोडीचा दाणा, तिनं पहिल्याच दिवशी बंद केली. बसल्या जागी भिजवलेला हरभरा मिळाला की जनावर अंगात आल्यासारखं करतं. गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना पूर्वी सुटीच्या दिवशीही पूर्ण दाणा घालत, मग सोमवारी जुंपलं की मांड्या दगडासारख्या व्हायच्या आणि लघवी तपकिरी. म्हणून आता नुसतं गवत आणि कडबा, तोही थोडा थोडा. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. पोट अंगाच्या मानानं लहान आणि उलटी त्याला करताच येत नाही, त्यामुळे उपाशी ठेवलं तरी पंचाईत, एकदम घातलं तरी पंचाईत. वहिनीनं एका जुन्या जाळीत गवत भरून टांगलंय. बिजली एकेक काडी ओढत बसते. तेवढाच धंदा. नाहीतर गव्हाणीचं लाकूड चावते, नाहीतर डावीकडून उजवीकडे डुलत राहते. सोबतीला एक बकरी बांधली, तिनं एका दुपारी पायाची पट्टी खाऊन टाकली.

घोडी रुळली. भाऊ नाही रुळले. फोन वाजतो, तारीख सांगतात, हे "नाही जमत" म्हणतात आणि फोन ठेवून कोठ्यापाशी जाऊन उभे राहतात. मराठी फौजांत बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, लंगडला तर नुकसानही त्याचंच. भाऊ शिलेदार. बिजली उभी तर तेही उभे. "घोडीले एक डाव समजावता येते," वहिनी म्हणते, "यायले कसं समजवू?"

मला आबाजी आठवतात. ऐन मृगात पाय मोडला आणि छपरीत खाट पडली. समोरून बैलबंड्या वावरात जायच्या. आबाजींना मान वळवायची गरज नसे. आवाजावरून सांगायचे, ही अमक्याची, आंखाला वंगण नाही दिलं. हा आज उशिरा निघाला, बायकोशी भांडला असेल. याचे बैल दमले, याला तिफण कशाला दिली. दिवसभर चालायचं. आजी कंटाळली आणि तिनं खाट भिंतीकडे तोंड करून फिरवली. त्यानं काहीच फरक पडला नाही, कानच ते. मग संध्याकाळी मला बोलावून विचारायचे, "कोनाकोनाचं पेरून झालं?" आजी आतून खुणावायची. मी सांगायचे, "कोणाचंच नाही, आबाजी. पाऊसच कमी आहे." त्यांना झोप लागायची. पुढे पाय बरा झाल्यावर एकदा सहज म्हणाले, "तुह्या आजीले खोटं बोलता येत नाही, म्हनून तुले पाठवत होती." कपाशीची पऱ्हाटी तोवर कमरेला आली होती.

कानातल्या कापसाचं मला कौतुक वाटलं ते यामुळे. कापूस अर्थात घरचाच. भाव वाढेल म्हणून मधल्या खोलीत छतापर्यंत भरलेला. या घरात पाहुणा आला तर खाजवत उठतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता, आणि त्यातला सगळ्यात स्वच्छ पुंजका वहिनीनं घोडीच्या कानासाठी निवडला.

पट्टी मात्र दोन्ही पायांना होती. मी म्हटलं, हा तर चांगला आहे ना?

"दुखऱ्या पायाचं ओझं त्याच्यावर येते ना बाई. जपला नाही तं पहिले थोच बसते," वहिनी म्हणाली, आणि कमरेला हात देऊन उठली, भाऊंना जेवायला वाढायला. यावर मी काहीतरी विचार करत होते. मग लाइट गेली.

परवा रात्री वरात आमच्याच गल्लीत शिरली. कानातला कापूस पडला असणार, कारण कोठ्यातून टापांचा आवाज येत होता आणि भाऊ "हो, हो, बेटा" करत होते. मी रस्त्यावर जाऊन ट्रॅक्टरवरच्या पोरांना हात केला. निम्मी माझ्याच वर्गातून गेलेली.

"आवाज बंद करा रे. इथे आजारी आहे."

"कोन आजारी हाय, मॅडम?"

"बिजली."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खरंच बंद केला. बुलेटवरच्या नवरदेवासकट वरात गल्लीच्या टोकापर्यंत गुपचूप गेली, तिकडे वळल्यावर पुन्हा सुरू झाली. भाऊ म्हणाले, पोरं चांगली आहेत आपल्या गावची.

असतील. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हाही मी असाच हात केला होता. तेव्हा "पाचच मिनटं, मॅडम" म्हणून त्यांनी अर्धा तास वाजवला होता. त्यातली दोन तोंडं परवाही ट्रॅक्टरवर होती. पुढल्या वेळी सापडली की विचारणार आहे.