अभयारण्यातल्या डोहासाठी खडशीचं बीज : अर्जापासून पिल्लांपर्यंत

आमच्या गावाची वरची शीव भीमाशंकर अभयारण्याला लागून आहे. ओढ्याच्या डोहांत पूर्वी खडशी, म्हणजे महासीर, भरपूर होती. जिलेटिन फोडून आणि ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणं सुरू झालं आणि ती हटत गेली. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत विषय निघाला तेव्हा बहुतेकांचं मत पडलं की बाहेरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणू आणि पावसाळ्यात सोडू. अर्जाचं काम माझ्याकडे आलं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातला जीव हलवायचा किंवा त्याच्या अधिवासाला हात लावायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. कागद वनरक्षक, वनक्षेत्रपाल, उपवनसंरक्षक असा चढत नागपूरला जातो. वाट पाहावी लागते, एवढंच त्याबद्दल सांगतो. वाटेत अर्जावर एक शेरा पडला : ‘प्रजनक मासे कोणत्या नदीतले?’ म्हणजे ज्यांच्यापासून पिल्लं घेतली ते नर-मादी कुठले.

समितीतल्या काहींना हा खोडा वाटला. मला तो सगळ्या अर्जातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचं कारण कावेरीत आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून खडशीचं कृत्रिम प्रजनन होतं. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांचं त्यातलं काम मोठं आहे. तिथलं बीज, म्हणजे लहान पिल्लं, चांगल्या हेतूनेच कावेरीतही सोडलं गेलं. पण कावेरीची स्वतःची वेगळी महासीर आहे, पाठीला कुबड असलेली. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा आपली खडशी वाढत गेलेली आणि कुबडवाली घटत गेलेली दिसली. २०१८ मध्ये कुबडवालीची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. मासा देशी आहे एवढ्यावर भागत नाही, तो त्या नदीचा असावा लागतो.

आमची बाजू भक्कम होती. इंग्रज प्राणिअभ्यासक साइक्सने १८३९ मध्ये खडशीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, म्हणजे भीमेचं खोरं तिचं घरच. तरीही बाहेरची बोटुकली नको, असं आम्ही शेवटी ठरवलं. आमच्याच डोहातले नर-मादी धरायचे, अंडी काढून त्यांना तिथेच सोडायचं आणि पिल्लं त्याच पाण्यात जाऊ द्यायची. नव्या अर्जात दरवर्षी वेगळी जोडपी घेण्याची अट आम्हीच घातली. त्याच त्या चार माशांची प्रजा डोहात भरली तर वाण दुबळा होतो. डोहात लहानमोठे सगळ्या वयाचे मासे आपोआप दिसू लागले की अंडी उबवण्याचं केंद्र बंद करायचं, हेही लिहून दिलं.

केंद्र म्हणजे ओढ्याकाठची एक शेड. पाणी वरून पाइपने उताराने येतं, पंप नाही, त्यामुळे वीज गेली तरी अंडी मरत नाहीत. अनुदान संपल्यावर बिल कोण भरणार हा प्रश्नही उरत नाही. पावसाळ्यात रात्री जाळं लावतात. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवला की पिवळसर अंडी कोरड्या घमेल्यात उतरतात, वर नराचं वीर्य घेऊन पिसाने ढवळायचं, मग पाणी. एरवी जाळी ओढणारे दणकट हात त्या वेळी किती हळुवार होतात! अंडी वाहत्या पाण्यातल्या ट्रेमध्ये पसरतात. पांढरं पडलेलं प्रत्येक अंडं चिमट्याने काढावं लागतं, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना धरते. गावातल्या दोन बायका हे काम इतक्या नेटाने करतात की त्यांचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत असावं असा आग्रह मी धरला. साधारण तीन दिवसांत पिल्लं फुटतात, पोटाखालच्या पिशवीवर काही दिवस जगतात आणि मग तरंगू लागतात.

पिल्लं सोडण्याआधी डोहाची राखण ठरायला हवी. रायगडातल्या वाळण कोंडीत महासीर टिकली ती देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही म्हणून, तिथे हॅचरी, म्हणजे अंडी उबवण्याचं केंद्र, नाही. आम्ही ग्रामसभेत डोहात मासेमारी बंदीचा ठराव केला, पाळीने राखणदार नेमले आणि तो ठराव अर्जाला जोडला. तुमच्या गावाला असा अर्ज करायचा असेल तर ठराव आधी करा, आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या, म्हणजे पावसाच्या आत परवाना हाती येण्याची शक्यता राहते.