घरी येतं, मग पेपरात का अडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. दर चाचणीनंतर कोणी ना कोणी पालक हाच प्रश्न घेऊन येतात. "बाई, घरी सगळी गणितं सुटतात हो. मी समोर बसून पाहिलंय. मग पेपरात काय होतं?" मी उत्तर द्यायच्या आत पुढचं वाक्य येतं, "लक्षच नसतं त्याचं, दुसरं काय!" आणि शेजारी उभा असलेला मुलगा मान खाली घालतो.

त्या मुलाची बाजू आधी मांडते. त्याला घरी खरंच येत असतं. फक्त घरी जे येतं ते एक, आणि पेपरात जे विचारलं जातं ते दुसरं. ही फट मुलाच्या आळसाने पडलेली नाही. आम्ही ज्या क्रमाने गणित शिकवतो, त्या क्रमातच ती आहे.

घरी पायथागोरसचा धडा उघडा असतो. वर सोडवलेलं उदाहरण, खाली सरावसंच, आणि संचातली जवळजवळ सगळी गणितं त्याच वळणाची. पहिलं गणित वाचून व्हायच्या आधीच मुलाला ठाऊक असतं की वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. कोणती रीत वापरायची हे धड्याच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. मुलाकडे उरते ती आकडेमोड, आणि ती तो नीट करतो. तुम्ही पाहिलंत ते हेच.

आता पेपरातलं गणित बघा. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ सेमीने जास्त आहे, कर्ण १३ सेमी आहे, तर लांबी आणि रुंदी काढा. आयत दिसला की पुष्कळ मुलं क्षेत्रफळाच्या सूत्राकडे धावतात. कर्णाने आयताचे दोन काटकोन त्रिकोण होतात हे ज्याला दिसलं, तो पायथागोरसपाशी पोहोचतो. रुंदी क्ष मानली की क्ष² + (क्ष + ७)² = १६९. आवरून घेतलं की क्ष² + ७क्ष − ६० = ०. अवयव पाडले की क्ष ५ किंवा −१२, आणि रुंदी ऋण नसते म्हणून ५. लांबी १२. यातली एकही पायरी नवी नाही. कंस सोडवणं, अवयव पाडणं, पायथागोरस, हे सगळं त्याच्या वहीत कधी ना कधी बरोबर आलेलं आहे. पण वर धड्याचं नाव नाही. मग तो हात वर करून हळूच विचारतो, "बाई, हे कुठल्या धड्यातलं?"

मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एका प्रश्नात आहे. रीत वापरायला आम्ही भरपूर शिकवलं. रीत निवडायला फारसं शिकवलंच नाही. आणि परीक्षा मात्र निवडण्याचीच घेतो.

याचा पडताळा घेतला गेलेला आहे. अमेरिकेत डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांमधल्या ७८७ मुलांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना नेहमीसारखा एका रीतीचा एकगठ्ठा सराव दिला, काहींना वेगवेगळ्या रीतींची गणितं मिसळून दिली. महिनाभराने, आधी न सांगता चाचणी घेतली. मिसळून सराव केलेल्या मुलांना सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, एकगठ्ठा सराव केलेल्यांना ३८. इतका फरक केवळ मांडणी बदलल्याने पडला.

म्हणून मी आता रोज चार गणितं फळ्यावर लिहिते, चारही वेगवेगळ्या धड्यांतली, त्यातलं एक तरी महिन्यापूर्वीचं. सोडवायची नाहीत. सुरुवात कशाने करशील आणि का, एवढंच सांगायचं. सुरुवातीचे आठवडे कठीण जातात, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. मुलं अडखळतात, वहीत खाडाखोड वाढते, "आधी येत होतं, आता बिघडलं" असं घरी वाटू लागतं. त्या काळात कृपा करून घाबरू नका.

आता चुकांबद्दल. "सिली मिस्टेक" हा शब्द मी वर्गात बंद केला आहे. एका मुलाने ३क्ष = १२ यावरून क्ष = −४ असं लिहिलं होतं. मी लाल फुली मारून पुढे गेले असते, पण त्या दिवशी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "तीन पलीकडे नेला ना, म्हणून चिन्ह बदललं." अगदी बरोबर! "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे मीच वर्गात घोकून घेतलं होतं. दोन्ही बाजूंना ३ ने भागतो म्हणून ३ डावीकडून जातो, हे मी दाखवलं असेल एकदा, पण घोकून घेतलं ते चिन्हाचं वाक्य. त्याने माझं ऐकलं होतं. दुसरी एक मुलगी त्याच गणितात १२ − ३ करून ९ लिहिते. तिची अडचण निराळीच आहे, तिला ३क्ष म्हणजे तीन गुणिले क्ष हेच अजून पक्कं झालेलं नाही. दोघांनाही शून्य गुण. पण दोघांना उद्या शिकवायचं ते वेगळं.

एकूण गुणांत हे दिसत नाही. दोन मुलांना ६२ गुण असतात; एकाचे सगळे गुण चिन्हांत गेलेले, दुसऱ्याने एकही शाब्दिक उदाहरण हाती धरलेलं नाही. त्यासाठीच पायऱ्यांना गुण द्यायचे असतात. वरच्या गणितात समीकरण बरोबर मांडून कोणी अवयव चुकवले, तर मांडणीचे गुण त्याला मिळालेच पाहिजेत. नुसतं "५ आणि १२" लिहिणाऱ्याने विचार केला की अंदाज, हे मला कागदावरून कळत नाही. म्हणून "उत्तर आलं ना, मग पायऱ्या कशाला?" असं म्हणणाऱ्या हुशार मुलांशी मी दरवर्षी वाद घालते.

आणखी एक. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. माझ्या वर्गातही आकडा दिसला की शेजाऱ्याचा आकडा बघितला जातो आणि मी लिहिलेलं तसंच राहतं. त्यामुळे मी पहिल्या दिवशी उत्तरपत्रिका फक्त शेऱ्यांसह देते. प्रत्येकाने आपली एक चूक निवडून ती का झाली ते लिहायचं. गुण दुसऱ्या दिवशी.

घरी काय करता येईल, हेही तुम्ही विचारलंत. सोडवलेलं उदाहरण वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगा आणि तेच गणित दोन दिवसांनी द्या, मधे दुसरी गणितं येऊ द्या. तुम्हाला गणित यायलाच हवं असं नाही. "ही पायरी का घेतलीस?" एवढं विचारायचं आणि तो बोलेपर्यंत थांबायचं. आणि पुढच्या वेळी भेटायला याल तेव्हा प्रगतिपुस्तक राहू द्या, उत्तरपत्रिका घेऊन या. त्याला मधे बसवू आणि तिघं मिळून ती पहिल्या पानापासून वाचू.